मरळीसाठी लुअर आणि टॅकल कसं निवडायचं : आधी पाणी बघा, रीलचं नंतर बघू

मरळ मासा धरायला पहिला रॉड मी ऑनलाइन मागवला तेव्हा त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचलंच नव्हतं, निळा रंग आवडला म्हणून घेतला. मुठीच्या वर बारीक अक्षरात १ ते ७ ग्रॅम असं लिहिलेलं होतं आणि मी त्याला १५ ग्रॅमचा रबरी बेडूक बांधून सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्यावर जोर लावून फेकायलो होतो. तिसऱ्या फेकीला कट्ट आवाज आला, रॉडचं टोक वीतभर मोडून दोऱ्यावर लोंबकळायला लागलं आणि बेडूक जाऊन पडला जलपर्णीत. शेजारी गांडूळ लावून चिलापी माशाला बसलेले एक काका होते, ते मान पण न वळवता म्हणले, "काय बे, काठी मोडून मासं धरतात व्हय?"

तर ते २ हजार गेले ते गेलेच, पण त्यातून एक कळलं की मी सगळं उलटं केलं होतं. आपण सगळे टॅकल, म्हणजे मासे धरायचं सामान, घेताना आधी रील बघतो, म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी (चकाकतो ना), मग त्याला शोभेल असा रॉड, मग दुकानदार देईल तो दोरा, आणि शेवटी चार रंगीत लुअर, म्हणजे माशाला फसवायची खोटी आमिषं. खरं तर पाण्यापासून मागं यायचं असतं. पाणी कसंय, त्यात आडोसा काय आहे, त्यावरनं लुअर ठरतो, लुअरच्या वजनावरनं आणि आडोशावरनं दोरा ठरतो, दोऱ्यावरनं रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी. मी पण त्याच क्रमानं लिहितो.

त्याआधी माशाचं. यूट्यूबवर लुअर फिशिंग शिकायला गेलं की निम्मे व्हिडिओ अमेरिकेतल्या बासचे, मोठ्या जबड्याचा हिरवट मासा, तिकडं त्याच्या स्पर्धा भरतात आणि त्याच्यापायी लोक बोटी घेतात. आपल्या उजनीत, हिप्परग्यात, कुरनूरला बास नाही, त्यामुळं "दादा बास कुठं मिळतो" असं विचारू नका. पण बाससाठी बनवलेलं निम्मं सामान आपल्या मरळीला जसंच्या तसं चालतं, कारण खोड एकच : गवताच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि डोक्यावरनं काय सरकलं की खालून झडप घालायची. फरक तोंडात आहे. बासवाले मासा वर काढला की बिनधास्त अंगठा तोंडात घालून जबड्याला धरून उचलतात, त्याचे दात पॉलिश पेपरसारखे बारीक खरखरीत असतात. मरळीच्या तोंडात अंगठा घालाल तर थेट टिटॅनसच्या इंजेक्शनला जावं लागंल. मी घातलाय. व्हिडिओत बघितलं तसंच केलं होतं.

आपल्याकडं सोलापुरात पूर्व भागातली तेलुगू मंडळी मरळीला कोर्रमीनू म्हणतात आणि बाजारात जिवंत दिसली तर भाव करायच्या भानगडीत पडत नाहीत. हैदराबादला जूनमध्ये मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी जिवंत मासा गिळायला देतात ना, ते याच माशाचं पिल्लू. हा मासा बाजारात टोपलीत तासन्तास जिवंत राहतो कारण तो नुसत्या कल्ल्यांवर जगतच नाही, त्याला पाण्याच्या वर तोंड काढून हवा घ्यावीच लागते, आणि आपल्या कामाची गोष्ट हीच आहे. तळ्यावर गेलं की लगेच फेकाफेकी सुरू करू नका. दहा-पंधरा मिनिटं गप उभं राहून नुसतं बघा. जलपर्णीच्या कडेला, शेवाळाच्या भोकात, बुडलेल्या वेड्या बाभळीच्या बुडाशी मधनंच एक 'गुळ्ळुक' होतं, एखादा बुडबुडा, एक छोटं वर्तुळ. चिलापी वर येते तेव्हा टपटप असं बऱ्याच ठिकाणी होतं, मरळ एकाच जागी येते आणि थोड्या वेळानं परत त्याच जागेच्या आसपास येते. ती जागा डोक्यात ठेवा, लुअर तिच्या पलीकडं टाकायचा आणि तिच्यावरनं आणायचा, थेट तिच्या डोक्यात दगड मारल्यासारखा टाकायचा नाही.

आता पाणी. आपल्याकडं पाणी वर्षातनं तीनदा रूप बदलतं. उजनीचंच घ्या, ११७ टीएमसीचं धरण पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणून तर उन्हाळ्यात पेपरात "उजनी मायनसमध्ये" येतं. पाणी उतरलं की बॅकवॉटरची कड पार आत सरकते, तिकडं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि दिवाळीत जिथं जलपर्णीच्या कडेला मरळ उठत होती तिथं मे मध्ये कोण तरी कलिंगड लावलेलं असतं. त्यामुळं "उजनीला कुठला लुअर चालतो" ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या कडेला, ते सांगा मग बोलू.

गवत, जलपर्णी, शेवाळ असंल तर विचार करायचं कामच नाही, बेडूक लावा. फ्रॉग लुअर. हा आतून पोकळ रबराचा असतो, पोटाखालून एक दुहेरी हुक निघतो आणि त्याची दोन्ही टोकं पाठीला चिकटून वर बघत असतात, म्हणून तो गवतावरनं घसरत येतो पण अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि हुक उघडे पडतात. दुकानात घेताना हेच बघायचं : दोन बोटांत धरून दाबा. लोण्यासारखा दबला पाहिजे आणि दाबल्यावर हुकची टोकं स्पष्ट वर आली पाहिजेत. स्वस्तातले बरेच बेडूक इतके टणक असतात की मरळ चावते, ओढते, आणि रबर तसंच्या तसं, हुक काय लागत नाही, तुम्ही बसता नशिबाला बोल लावत. हुकची टोकं पक्कडीनं अगदी केसभर बाहेरच्या बाजूला वाकवून घेतली तर लागायचं प्रमाण वाढतं, फार वाकवली तर गवत गोळा करत येतो, तेव्हा बेतानं. मागच्या रबरी झिरमिळ्या लै लांब असतात त्या कात्रीनं कापा, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड ठेवला तर ओढताना बेडूक डुलत डुलत येतो, मोकळ्या भोकात हे भारी दिसतं. आणि दर पाच-सहा फेकींनी बेडूक दाबून आतलं पाणी पिळून काढा, नाहीतर जड होऊन खाली जातो. वजन १० ते १५ ग्रॅम पुरे, जलपर्णी दाट असंल तर जरा जड.

आणि झडप घातल्यावर लगेच ओढायचं नाही. हे मी शंभरदा सांगितलंय आणि स्वतः अजून चुकतो. पाण्यातनं धप्पकन आवाज येतो, बेडूक गायब होतो, आपलं काळीज तोंडात येतं आणि हात आपोआप वर जातो, आणि बेडूक शीळ घालत कानाजवळनं मागं बाभळीवर. मासा बेडूक धरून खाली वळेपर्यंत एक-दोन सेकंद जाऊ द्या, दोऱ्यावर वजन जाणवलं की मग कंबरेतनं जोरात मारा. मी मनात "सिद्धेश्वर महाराज की" म्हणतो आणि "जय" ला मारतो, हसू नका, बरोबर तेवढाच वेळ लागतो. सुटली तरी निराश व्हायचं नाही, परत त्याच जागी टाका, मरळ रागीट असते, दुसऱ्यांदा येते बऱ्याचदा.

मोकळं पाणी असंल, म्हणजे उन्हाळ्यातल्या उघड्या कडा, दगडी पिचिंग, बंधाऱ्याच्या भिंती, तिथं बेडकाचा हट्ट सोडा. तिथं स्पिनरबेट घ्या, सेफ्टी पिनसारखी वाकवलेली तार असते, एका टोकाला शिसं, हुक आणि झालर, दुसऱ्या टोकाला फिरणारं पातं. गोल पातं असंल तर ते पाण्यात जास्त थरथरतं, गढूळ पाण्याला आणि सावकाश ओढायला बरं. लांबट, पानासारखं पातं चमकतं जास्त, थरथरतं कमी, ते नितळ पाण्याला. तारेमुळं हुक झाकला जातो म्हणून बाभळीच्या फांद्यांतनं सुद्धा बऱ्यापैकी निघतो. क्रँकबेट म्हणजे तो लाकडी-प्लॅस्टिकचा मासा, ज्याच्या तोंडाखाली जीभ असते, त्यात जीभ बघायची : लांब आणि समोर आडवी असंल तर खोल जातो, आखूड आणि खाली वाकलेली असंल तर वरवर चालतो. दिसायला सगळ्यात देखणा हाच आणि सगळ्यात जास्त हरवतो पण हाच, कारण खाली दोन तिहेरी हुक लोंबत असतात आणि आपल्या तळ्यांच्या तळाशी बाभळीचे खुंट आहेत. नवीन माणसानं पहिल्या वर्षी तरी घेऊ नये असं माझं मत. सॉफ्ट प्लॅस्टिक, म्हणजे मऊ रबरी मासोळ्या नि किडे, ऑफसेट हुकवर (डोळ्याजवळ वाकवलेला हुक) टोक परत रबरात खुपसून लावले तर गवतात पण चालतात आणि स्वस्त पडतात, मरळ उठत नसंल, नुसती तळाशी बसून असंल तेव्हा हे हळू हळू सरकवायचे. पॉपर, पेन्सिल वगैरे पाण्यावर चालणारे लुअर नंतर बघा.

चिलापीसाठी लुअर विचारणाऱ्यांना एकच सांगणं, गांडूळ लावा. नाहीतर कणकेची गोळी. उगं साधं काम अवघड करू नका.

रंगावर लोक रात्र रात्र वाद घालतात. माझा हिशोब सोपाय. मासा खालून वर बघतो, त्याला बेडकाची पाठ दिसतच नाही, पोट दिसतं. पाठीवरचे ते ठिपके आणि डोळे हे आपल्याला, गिऱ्हाइकाला धरायला असतात. उजाडताना, मावळतीला आणि आभाळ आलेलं असताना काळा, कारण फिकट आभाळावर त्याची सावली ठळक उठते. ऊन पडलं आणि पाणी बऱ्यापैकी साफ असंल तर पांढरं किंवा पिवळट पोट. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की काळा किंवा भडक पोपटी. झालं, तीन बेडूक. बास पकडणाऱ्यांचा सगळ्यात मोठा विक्रम बघा, १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं धरलेला मासा, २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या वर, आणि गोष्ट अशी सांगतात की त्या दिवशी त्याच्याकडं आणि त्याच्या दोस्ताकडं मिळून एकच लुअर होता. त्याच्या बरोबरीचा मासा मिळायला २००९ उजाडलं, जपानच्या बिवा तळ्यात, आणि तो तर लुअरवर नव्हताच, जिवंत मासोळी लावून धरला होता. आणि आपण चाळीस कप्प्यांचा डबा घेऊन हिप्परग्याला.

दोरा. इथं मात्र कंजुषी करू नका. तीन जाती आहेत. आपला जुना तंगूस म्हणजे मोनो, ताणला जातो, स्वस्त, गळ टाकून बसणाऱ्याला उत्तम. पण बेडूक टाकलाय तीस मीटरवर, मध्ये जलपर्णी, आणि तुम्ही जोरात मारलं तर निम्मा जोर तंगूस ताणण्यातच जातो, हुक लागणार कसा. ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, आपण सोलापूरची माणसं, विणकामाचं आपल्याला काय सांगायचं, बारीक धाग्यांची वेणी असते, अजिबात ताणत नाही, पाण्यावर तरंगतो आणि त्याच ताकदीच्या मोनोपेक्षा कितीतरी बारीक असतो. ४० पौंडी (म्हणजे ४० पौंड ओढ सोसणारा) ब्रेड जाडीला साधारण १० ते १२ पौंडी मोनोएवढा भरतो. गवतात बेडकासाठी ४० ते ५० पौंडी, मोकळ्या पाण्यात ३० पुरे. लोक म्हणतात मरळ दोन किलोची आणि दोरा वीस किलोचा कशाला, अरे पण मासा एकटा येत नाही ना, सोबत पाच किलो जलपर्णी घेऊन येतो. तिसरा फ्लोरोकार्बन, तो पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो, त्यामुळं मुख्य दोरा म्हणून बेडकाला नको, बुडून बेडकाचं नाक खाली ओढतो. मोकळ्या पाण्यात दात आणि दगडांसाठी पुढं दोन फूट लीडर (मुख्य दोरा आणि लुअरच्या मधला जोडदोरा) म्हणून ३० ते ४० पौंडी मोनो किंवा फ्लोरो लावा. दाट गवतात मी लीडर लावतच नाही, सरळ ब्रेडला बेडूक.

एक गंमत सांगतो, गंमत काय, डोक्याला ताप. ब्रेड रीलच्या रिकाम्या स्पूलवर, म्हणजे दोऱ्याच्या रिळावर, थेट गुंडाळला तर गुळगुळीत असल्यामुळं तो सगळाच्या सगळा स्पूलवर गोल फिरतो. हँडल फिरवताय, मासा तिकडं, दोरा काय येत नाही. माझ्या एका दोस्ताला वाटलं नवा रील बिघडला, तो परत करायला निघाला होता. आधी खाली दहा-पंधरा मीटर साधा तंगूस गुंडाळा, त्याला ब्रेड जोडा, दोरा पण वाचतो.

गाठ एकच शिका, पालोमार. दोरा दुहेरी करून हुकच्या किंवा लुअरच्या डोळ्यातनं काढा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी ढिली गाठ मारा, मग जो फास उरलाय त्यातनं अख्खा लुअर काढा, थुंकी लावून ओला करा आणि हळू ओढून आवळा. कोरडा आवळला तर घासून दोरा तिथंच कमजोर होतो. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी गाठ, ती व्हिडिओत बघा, लिहून समजणार नाही.

आता रॉड, म्हणजे माझा घाव. मुठीच्या वर जे छापलेलं असतं ते लग्नपत्रिकेसारखं नीट वाचा. लुअर वेट म्हणजे किती ग्रॅमपर्यंत फेकायचं, लाइन म्हणजे दोऱ्याची ताकद, पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, आणि अॅक्शन म्हणजे कुठून वाकतो. मरळीला साडेसहा ते सात फूट, मीडियम हेवी पॉवर, फास्ट अॅक्शन, लुअर वेट १० ते ३० ग्रॅमच्या आसपास. फास्ट म्हणजे वरचं टोक तेवढं वाकतं, खालचा भाग ताठ, त्यामुळं टोकानं बेडूक नाचवता येतो आणि मारताना जोर थेट हुकपर्यंत पोचतो. दोन तुकड्यांचा घ्या, एका तुकड्याचा रॉड जास्त मजबूत वगैरे खरं असंल पण मोटरसायकलवर कुरनूरपर्यंत नेणार कसा? मी प्लंबरकडनं पीव्हीसी पाईपचा तुकडा आणून दोन्हीकडं टोपण लावलंय, आत जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी, रॉड खडखडत नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. उजनीच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारींच्या तारा कुठनंही कुठंही गेलेल्या असतात, काही हाताला लागतील अशा. हे रॉड कार्बनचे, कार्बनमधनं वीज जाते. फेकायच्या आधी मागं आणि वर बघायचं, आणि आभाळात कडकडाट सुरू झाला की रॉड खाली ठेवून काठावरनं निघायचं, "अजून एकच फेक" नाही. गाळाचं पण तसंच, पाणी उतरलं की वरनं भेगा पडलेला कोरडा दिसतो, आत गुडघ्याएवढा मऊ असतो. एकटं जाऊ नका.

रीलला एवढंच : नवीन असाल तर स्पिनिंग रील (रॉडच्या खाली लटकणारा, ज्याचा स्पूल फेकताना फिरत नाही), ३००० किंवा ४००० साइज. बेटकास्टिंग रील (रॉडच्या वर बसणारा, ज्याचा स्पूलच फिरतो) दिसायला रुबाबदार असतो, पण दुपारी आपल्याकडं वारं सुटलं की नवशिक्याच्या रीलवर दोऱ्याचं जे सुगरणीचं घरटं होतं ते सोडवण्यात संध्याकाळ होते. गिअर रेशो ६ च्या आसपास किंवा वर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात सहा वेढे, बेडकाच्या मागचा ढिला दोरा पटकन गोळा होतो. बेअरिंग १२+१ का ५+१ ह्याच्या नादी लागू नका, ड्रॅग बघा, म्हणजे माशानं किती जोरानं ओढल्यावर दोरा सुटतो ते ठरवणारा ब्रेक. दोरा हातानं ओढल्यावर झटके न देता एकसारखा सुटला पाहिजे. मोकळ्या पाण्यात ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात, घरातल्या बॅगा मोजायच्या काट्याला दोरा बांधून ओढून बघा, लगेच कळतं. गवतात मात्र जवळजवळ आवळूनच टाका, तिथं माशाला दोरा दिला की तो मुळ्यांत शिरला.

लांब चोचीची पक्कड, ती घ्याच. तिच्याशिवाय मरळीच्या तोंडातनं हुक काढायला जाऊ नका. ओला नॅपकिन, कात्री, पाणी, टोपी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दिवसभर खराब होत नाही.

तळ्याचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडं असतो, आधी विचारा. विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, वर जागा पण दाखवतात. त्यांच्या जाळ्याच्या बोयांजवळ लुअर टाकू नका, जाळं फाटतं आणि मग आपल्या सगळ्यांचंच नाव खराब होतं. पावसाळ्यात कडेला पिल्लांचा लालसर पुंजका एका जागी खदखदताना दिसला तर तिथं नर-मादी राखणीला असतात, बेडूक टाकला तर हमखास चिडून मारतात, आणि म्हणूनच टाकायचा नाही. आईबाप काढले की दुसऱ्या माशांना पिल्लं साफ करायला किती वेळ लागतो. तुटलेला दोरा पण काठावर सोडू नका, हिवाळ्यात उजनीला रोहित पक्षी येतात, त्यांच्या पायात अडकतो.

घरी आल्यावर बेडूक पिळून, डबा उघडा ठेवून वाळवा, नाहीतर आतनं हुक गंजतो आणि गंज पोटातनं बाहेर दिसायच्या आधीच टोक बोथट झालेलं असतं. टोक नखावर घासून बघायचं, ओरखडा उठला तर ठीक, घसरलं तर कानसीनं दोनदा घासा. आणि डबा उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरू नका. आपल्याकडं ४२-४३ म्हणजे काय ते मागच्या मे मध्ये मला कळलं, सॉफ्ट प्लॅस्टिकच्या दोन पाकिटांचा एकच लगदा झाला होता, आणि त्यात माझा एकुलता एक क्रँकबेट डोळ्यापर्यंत रुतून बसला होता.